फूटप्रिंटमध्ये काढलेला तांब्याचा आकार ग्राउंडला कसा जोडावा?

आराखडाकार (धागाकर्ता)

नमस्कार. मी कीकॅड या सर्किट बोर्डाचा आराखडा करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मोटर चालवणाऱ्या एका चिपचा बोर्ड करत आहे. चिपला दोन बाजूंना मिळून २८ पाय आहेत आणि पोटाखाली धातूचा उघडा पॅड आहे, ज्याला फूटप्रिंटमध्ये (म्हणजे चिप बसवण्यासाठी बोर्डवर लागणाऱ्या तांब्याच्या नमुन्यामध्ये) २९ क्रमांक दिलेला आहे. ही चिप बरीच तापते. तिच्या डेटाशीटमध्ये असे सुचवले आहे की पोटाखालचे तांबे चिपच्या ज्या दोन टोकांना पाय नाहीत तिथून बाहेर काढून रुंद पसरवावे, म्हणजे उष्णतेला वाट मिळते. त्याप्रमाणे मी फूटप्रिंट एडिटरमध्ये वरच्या तांब्याच्या लेयरवर एक बहुभुज काढला. मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असा तो आकार आहे आणि पॅड २९ त्याच्या मध्यभागी पूर्णपणे झाकला जातो.

अडचण फूटप्रिंट बोर्डवर आल्यानंतर सुरू होते. ग्राउंडचा झोन, म्हणजे तांब्याने भरायचे क्षेत्र, भरला की तो या आकाराभोवती फट सोडून थांबतो, जणू तो आकार परक्या नेटचा (एकमेकांशी जोडायच्या बिंदूंच्या दुसऱ्या गटाचा) आहे. डीआरसी, म्हणजे आराखड्याच्या नियमांची तपासणी, चालवली की आकार आणि पॅड यांच्यातील अंतर ० मिमी असल्याची त्रुटी येते. आकाराच्या कडेपासून ग्राउंडचा ट्रॅक काढला, तर त्या ट्रॅकवरही तीच त्रुटी येते. पडद्यावर तर तांबे तांब्याला सरळ चिकटलेले दिसते. मग सॉफ्टवेअर त्याला जोडणी का मानत नाही, आणि हा आकार ग्राउंडला जोडण्याची योग्य पद्धत कोणती?

विद्युतरेषा

उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून सांगा. बोर्डवर पॅड २९ निवडून त्याच्या गुणधर्मांमध्ये नेटचे नाव काय दिसते? आणि स्कीमॅटिकमधल्या (परिपथाच्या आकृतीतल्या) चिपच्या चिन्हाला २९ क्रमांकाची पिन आहे का?

द्विस्तर

पॅडचा नेट काहीही असो, बोर्ड बनवणाऱ्याला पाठवायच्या गर्बर फाइलमध्ये तांबे एकसंधच जाणार आहे आणि बोर्ड तयार होऊन येईल तेव्हा आकार आणि पॅड एकच असतील. मी अशा ठिकाणी ती विशिष्ट त्रुटी वगळलेल्या त्रुटींमध्ये टाकतो आणि पुढे जातो. झोन फट सोडत असेल तर त्या फटीवरून ग्राउंडचा एक रुंद ट्रॅक ओढून घ्यावा. काम होते.

आराखडाकार

@विद्युतरेषा, पॅड २९ समोर नेटचे नाव रिकामे आहे. चिन्ह मी तयार लायब्ररीतून घेतले होते आणि त्यात २८ च पिना आहेत. १४ आणि २८ या पिना ग्राउंडला जोडलेल्या आहेत. पोटाखालचा पॅड ग्राउंडलाच जातो असे डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिले असल्यामुळे त्याची वेगळी पिन लागेल असे वाटले नव्हते.

विद्युतरेषा

म्हणजे मूळ कारण सापडले, आणि ते तुम्ही काढलेल्या आकाराच्याही आधीचे आहे. थोडे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत वारंवार येतो.

बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये तांब्याला ओळख मिळते ती स्कीमॅटिकमधून. चिन्हाची पिन एखाद्या नेटला जोडलेली असते, त्या पिनेचा क्रमांक फूटप्रिंटमधल्या पॅडच्या क्रमांकाशी जुळवला जातो, आणि 'अपडेट पीसीबी फ्रॉम स्कीमॅटिक' ही आज्ञा दिली की तो नेट त्या पॅडला मिळतो. ट्रॅक आणि व्हाया (लेयर एकमेकांना जोडणारी, आतून तांबे असलेली छिद्रे) यांना ओळख पॅडकडून मिळते आणि झोनला ती आपण स्वतः निवडून देतो. या साखळीत जो दुवा नाही, त्याला नेट नाही. तुमच्या चिन्हात २९ ही पिनच नसल्यामुळे पॅड २९ अनाथ राहिला, आणि त्याच्यावर काढलेला बहुभुज तर निव्वळ आकृती आहे. त्याला पॅडचा क्रमांक नाही, पिन नाही, त्यामुळे नेट घेण्याची कोणतीही वाट नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तुमच्या बोर्डवर नेट नसलेल्या तांब्याचा एक तुकडा ग्राउंडच्या तांब्याला टेकला आहे, आणि अशा दोन तुकड्यांमध्ये नियमाने ठरलेले अंतर हवे. डीआरसीने नेमके तेच सांगितले.

आता उपाय. पहिले काम स्कीमॅटिकमध्ये करायचे आहे. चिन्हाची स्वतःची प्रत करून तिच्यात २९ क्रमांकाची पिन वाढवा, ती चिन्हाच्या खालच्या बाजूला स्पष्ट दिसेल अशी ठेवा आणि स्कीमॅटिकमध्ये तिला जीएनडी, म्हणजे ग्राउंडचा नेट, जोडा. पिन लपवून ठेवण्याची जुनी पद्धत टाळावी, कारण कागदावर न दिसणारी जोडणी नंतर तपासणाऱ्याला सापडत नाही. फूटप्रिंटमधल्या पॅडचा क्रमांक २९ ऐवजी २८ करून टाकण्याचा सल्लाही काही जण देतात. एकाच क्रमांकाचे अनेक पॅड एकाच नेटवर जातात, हे खरे असल्यामुळे त्याने नेट मिळेल. परंतु तोच फूटप्रिंट उद्या वेगळ्या चिपला लावला आणि तिची २८ वी पिन ग्राउंड नसली, तर पोटाखालचा सगळा पॅड भलत्याच नेटवर जाईल आणि डीआरसी एक शब्दही बोलणार नाही.

दुसरे काम आकाराचे आहे. आकृती म्हणून काढलेला बहुभुज काढून टाका आणि तोच आकार पॅड म्हणून घडवा. फूटप्रिंट एडिटरमध्ये पॅड निवडून 'एडिट पॅड ॲज ग्राफिक शेप्स' ही आज्ञा दिली की त्या पॅडवर बहुभुज काढता येतो, आणि 'फिनिश पॅड एडिट' म्हटले की तो बहुभुज पॅडचाच भाग होतो. नंतर तो पॅडचा क्रमांक, पॅडचा नेट आणि पॅडचे नियम घेऊनच वावरतो. बोर्डवर थेट काढलेल्या आकृतीची गोष्ट थोडी वेगळी आहे. कीकॅडच्या आठव्या आवृत्तीपासून तांब्याच्या लेयरवर काढलेल्या आकृतीला गुणधर्मांमधून नेट देता येतो. पण लायब्ररीतल्या फूटप्रिंटला कोणत्या बोर्डवर कोणता नेट असेल हे ठाऊक असू शकत नाही. तिथे क्रमांक हीच ओळख.

@द्विस्तर, त्रुटी वगळण्याच्या मार्गाशी मी ठामपणे असहमत आहे. गर्बरमध्ये तांबे एकसंध जाते हे आपले म्हणणे बरोबर आहे, आणि धोका त्याच वाक्यात आहे. तांबे कोरून काढणाऱ्या रसायनाला नेट कळत नाही. ज्या आकाराला सॉफ्टवेअर ओळखत नाही तो आज ग्राउंडला टेकला आहे. उद्या चिप अर्धा मिलिमीटर सरकवली आणि तो शेजारच्या मोटरच्या ट्रॅकला टेकला, तर येणारी त्रुटीही आजच्यासारखीच दिसेल आणि सवयीने तीही वगळली जाईल. शिवाय बोर्ड तयार झाल्यावर त्याची विद्युत चाचणी ज्या आयपीसी-डी-३५६ यादीवरून होते, ती यादीही सॉफ्टवेअर आपल्याला ठाऊक असलेल्या नेटवरूनच तयार करते. त्या यादीत पॅड २९ ग्राउंडवर नसेल तर तो ग्राउंडला खरोखर जोडला गेला की नाही, हे चाचणीत कुणीही तपासणार नाही.

द्विस्तर

चाचणीच्या यादीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, तो मान्य. तरीही एक विचारतो. हा आकार फूटप्रिंटमध्ये घालण्याची गरजच काय? बोर्डवर चिपच्या भोवती जीएनडीचा छोटा झोन काढावा, त्याला मुख्य झोनपेक्षा वरचा प्राधान्यक्रम द्यावा आणि पॅडशी जोडणी अखंड ठेवावी. झोनला नेट आपण स्वतः देतो, त्यामुळे आपण सांगितलेली साखळीची अडचण तिथे येत नाही.

विद्युतरेषा

एका बोर्डवर एकच चिप असेल तर ही पद्धत चांगली आहे आणि मीही ती वापरतो. फक्त पॅड २९ ला स्वतःचा नेट तिथेही लागतोच, नाहीतर झोन त्याच्याभोवती फट सोडेल. दोन्ही पद्धतींतला फरक दिसतो तो नंतर. त्याच चिपच्या चार प्रती बोर्डवर असतील, किंवा चिप फिरवावी आणि हलवावी लागत असेल, तर झोन मागेच राहतो आणि प्रत्येक वेळी हाताने हलवावा लागतो. आकाराचे माप डेटाशीटने ठरवून दिलेले असेल तर तो फूटप्रिंटमध्ये असावा, आणि बोर्डवरच्या मोकळ्या जागेप्रमाणे तो कमीजास्त करायचा असेल तर झोनमध्ये, असे मी ठरवून घेतले आहे.

जुळणीविभाग

माझे काम बोर्डवर भाग बसवण्याच्या बाजूचे आहे. विद्युतरेषा यांनी सांगितलेला पॅड घडवण्याचा मार्ग जोडणीच्या दृष्टीने बिनचूक आहे, पण तो जसाच्या तसा वापरला तर आमच्या टोकाला मोठी अडचण निर्माण होते. म्हणून हे लिहीत आहे.

पॅड हा फक्त तांब्याचा नसतो. वरच्या बाजूच्या साध्या पॅडबरोबर सोल्डर मास्कमधली (तांबे झाकणाऱ्या आवरणातली) उघडी खिडकी आणि स्टेन्सिलमधले (पेस्ट छापण्याच्या साच्यातले) सोल्डर पेस्टचे छिद्र हेही येते, आणि पॅडचा आकार वाढवला की ही दोन्हीही त्याच्याबरोबर वाढतात. पॅड २९ ला दोन्ही टोकांना रुंद कान जोडले की मास्क त्या कानांवरही उघडतो. भट्टीत सोल्डर वितळले की ते उघड्या तांब्यावर पसरत चिपच्या पोटाखालून बाहेर कानांकडे वाहते. पोटाखाली सोल्डर अपुरे पडते, म्हणजे ज्या उष्णतेच्या वाटेसाठी हा सगळा खटाटोप केला ती वाटच तिथे तुटते. उलट कानांवरही पेस्ट छापली गेली तर सोल्डर एकूणच जास्त होते, चिप त्यावर तरंगून तिरकी बसते आणि एका बाजूचे पाय पॅडपासून उचलले जातात.

त्यामुळे माझी विनंती अशी आहे की आकार वेगळ्या पॅडमध्ये ठेवावा. मूळचा पॅड २९ चिपच्या पोटाच्या मापाचाच राहू द्यावा आणि त्याची मास्कची खिडकी तेवढीच असू द्यावी. त्याच्यावर दुसरा पॅड ठेवावा, त्यालाही २९ हाच क्रमांक द्यावा, त्यालाच कानांचा आकार द्यावा, आणि त्याच्या लेयरच्या यादीत फक्त वरच्या तांब्याच्या लेयरवर खूण ठेवून मास्क आणि पेस्ट या दोन्हींवरची खूण काढून टाकावी. दोघांचा क्रमांक एक असल्यामुळे नेट एकच राहतो, ते एकमेकांवर पडले तरी त्रुटी येत नाही आणि कानांवर मास्कचे आवरण कायम राहते.

पेस्टबद्दलही सांगतो, कारण तो भाग बहुतेक फूटप्रिंटमध्ये दुर्लक्षित असतो. पोटाखालच्या मोठ्या पॅडवर एकच मोठे छिद्र ठेवू नये. त्याचे लहान चौकोनांमध्ये विभाजन करावे आणि त्यांनी मिळून पॅडच्या क्षेत्रफळाचा ५० ते ८० टक्के भाग व्यापावा. चौकोनांमधल्या पट्ट्यांमधून वायू बाहेर पडतो, त्यामुळे सोल्डरमध्ये मोठ्या पोकळ्या राहत नाहीत. हे चौकोन फक्त पेस्टच्या लेयरवरचे, क्रमांक नसलेले पॅड म्हणून ठेवता येतात. त्यांना नेटची गरज नाही, कारण ते तांबे नाहीत.

आराखडाकार

एकाच क्रमांकाचे दोन पॅड एकमेकांवर ठेवता येतात हे मला माहीत नव्हते. याच न्यायाने चिपच्या पोटाखालचे व्हायाही फूटप्रिंटमध्येच २९ क्रमांकाचे पॅड म्हणून ठेवावेत का? आणि ते किती असावेत?

थरावरथर

होय, आरपार छिद्राचे पॅड म्हणून, त्याच क्रमांकाने. लायब्ररीतल्या अनेक तयार फूटप्रिंटमध्ये ते असेच असतात. छिद्र ०.३ मिमी किंवा त्याहून लहान ठेवावे. मोठ्या छिद्रातून वितळलेले सोल्डर खाली ओघळून जाते.

संख्येबद्दल थोडे गणित मांडतो, कारण आकार जोडला की काम झाले असा समज धाग्यात होऊ नये. ०.३ मिमीचे छिद्र, आतल्या भिंतीवर ०.०२५ मिमी तांबे आणि १.६ मिमी जाडीचा बोर्ड धरला, तर उष्णतेला वाहून जाण्यासाठी मिळणारे तांब्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०२२ चौरस मिमी भरते. तांब्याची उष्णतावहनक्षमता मीटर-केल्विनमागे ३९० वॅट धरून एका व्हायाचा औष्णिक रोध सुमारे १९० अंश सेल्सियस प्रति वॅट येतो. असे ९ व्हाया समांतर असतील तर तो सुमारे २१ वर येतो. आता वरच्या लेयरवरचे कान पाहा. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या कोणत्याही चौरसाचा, तो लहान असो की मोठा, एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचा औष्णिक रोध सुमारे ७३ अंश प्रति वॅट असतो. चिपच्या टोकाखालची ३ मिमी रुंदीची मान, म्हणजे कानाकडे जाणारा अरुंद भाग, ३ मिमी लांब असली की तो एक चौरस झाला. म्हणजे दोन्ही कान मिळून ३६ च्या आसपास, आणि हा फक्त मानेचा हिशोब आहे, पुढे पसरण्याचा वेगळा. कान उपयोगी आहेतच, पण खालच्या लेयरवर ग्राउंडचे सलग तांबे असेल तर व्हायाची वाट त्यांच्यापेक्षा सोपी पडते. खाली तांबे नसेल तर मात्र ९ व्हाया ठेवूनही उष्णता पोचणार कुठे, हा प्रश्न उरतो.

माने­च्या रुंदीत कंजूषी करू नये, एवढे या आकड्यांवरून नक्की सांगता येते.

समांतर

मी कीकॅडऐवजी अल्टियम हे सॉफ्टवेअर वापरतो. वरच्या चर्चेतले तत्त्व तिथेही तेच आहे, फक्त व्यवहार थोडा वेगळा आहे, म्हणून अल्टियम वापरणाऱ्या वाचकांसाठी नोंदवतो. फूटप्रिंटच्या लायब्ररीत रीजन किंवा फिल (तांब्याचा भरीव आकार) काढून पॅडवर ठेवला की बोर्डवर आल्यावर त्याच्या नेटसमोर 'नो नेट' दिसते आणि तो पॅडशी शॉर्ट झाल्याची त्रुटी येते. यासाठी डिझाइन मेन्यूच्या नेटलिस्ट या उपमेन्यूत 'अपडेट फ्री प्रिमिटिव्हज फ्रॉम कंपोनंट पॅड्स' अशी आज्ञा आहे. ती दिली की पॅडला टेकलेल्या तांब्याच्या तुकड्यांना त्या पॅडचा नेट मिळतो. मात्र पॅडला स्वतःचा नेट नसेल तर ही आज्ञाही काही करू शकत नाही, त्यामुळे विद्युतरेषा यांचा पहिला प्रश्न इथेही पहिलाच राहतो.

आणखी एक नोंद. नेट बरोबर असूनही पॉलिगॉन (कीकॅडमधल्या झोनसारखे क्षेत्र) त्या आकाराभोवती फट सोडत असेल तर पॉलिगॉनच्या गुणधर्मांमधला पर्याय पाहावा. तिथे 'पोअर ओव्हर ऑल सेम नेट ऑब्जेक्ट्स' निवडलेला नसेल तर त्याच नेटचे काही तुकडे पॉलिगॉनमध्ये मिसळत नाहीत आणि नेटच चुकल्याचा भास होतो.

रेडिओलहर

या धाग्याच्या जवळचाच, पण याच्या उलट असा एक प्रश्न मांडतो. वर चर्चिलेल्या सगळ्या उदाहरणांत एक आकार आणि एक नेट आहे. पण २.४ गिगाहर्ट्झचा उलट्या एफ अक्षरासारखा छापील अँटेना घेतला, तर तांब्याचा एकच सलग आकार रेडिओच्या नेटला आणि ग्राउंडला दोघांनाही जोडलेला असतो, आणि तो तसाच असायला हवा. एकसारख्या क्रमांकाची युक्ती इथे चालत नाही. दोन्ही पॅडना एकच क्रमांक दिला तर रेडिओचा नेट आणि ग्राउंड हे स्कीमॅटिकमध्येच एक होतील, आणि मग मधला जुळणी करणारा सर्व भाग बाद झाल्यासारखा दिसेल.

विद्युतरेषा

यासाठी नेट टाय, म्हणजे दोन नेट मुद्दाम जोडण्याची सोय, आहे. अँटेनाच्या चिन्हाला दोन पिना ठेवाव्यात, १ रेडिओची आणि २ ग्राउंडची. फूटप्रिंटमध्ये दोन लहान पॅड ठेवावेत आणि अँटेनाचा उरलेला आकार तांब्याच्या लेयरवरच्या आकृतीने काढावा. कीकॅडच्या सातव्या आवृत्तीपासून फूटप्रिंटच्या गुणधर्मांमध्ये कोणत्या पॅडना एकमेकांशी शॉर्ट होण्याची मुभा आहे त्यांचा गट लिहिता येतो. तिथे १ आणि २ हा गट लिहिला की त्या दोन पॅडमधल्या जोडणीबद्दल डीआरसी हरकत घेत नाही, मात्र तिसरा कुठलाही नेट त्या आकाराला टेकला तर ती बोलते. त्रुटी वगळणे आणि मुभा देणे यांतला फरक इथे नीट दिसतो. मुभा नेमक्या दोन पॅडपुरती असते आणि ती फूटप्रिंटबरोबर प्रत्येक बोर्डवर जाते. अल्टियममध्ये हेच काम भागाचा प्रकार नेट टाय असा ठरवून होते.

ॲनालॉग ग्राउंड आणि पॉवर ग्राउंड एकाच बिंदूवर जोडायचे असतील तेव्हाही हीच पद्धत वापरावी.

रेडिओलहर

धन्यवाद, गटाची सोय मला नवीन आहे. ग्राउंडच्या पॅडबद्दल माझ्याकडून भर घालतो. अशा अँटेनाचा ग्राउंडचा पाय झोनला थर्मल रिलीफच्या बारीक काड्यांनी जोडू नये. त्या पॅडसाठी झोनची जोडणी अखंड अशी निवडावी आणि खालच्या ग्राउंडला जाणारे व्हाया पॅडला लागूनच असावेत. एका व्हायाचे इंडक्टन्स १ नॅनोहेन्री धरले तरी २.४ गिगाहर्ट्झला त्याचा विरोध सुमारे १५ ओहम होतो. मीटरने मोजल्यावर जो बिंदू निःसंशय ग्राउंड आहे, तो या वारंवारतेला ग्राउंडपासून १५ ओहम दूर असतो, आणि तो ५० ओहमच्या रेडिओला चांगलाच जाणवतो. झोनच्या कडेने व्हायांची रांग लावताना मी दोन व्हायांमधले अंतर तरंगलांबीच्या विसाव्या भागापेक्षा जास्त ठेवत नाही. नेहमीच्या एफआर-४ बोर्डमध्ये या वारंवारतेची तरंगलांबी साधारण ६० मिमी भरते, म्हणजे हे अंतर ३ मिमी होते.

आणि अँटेनाच्या लांब भुजेखाली कोणत्याही लेयरवर ग्राउंडचा झोन येणार नाही, याची तजवीज फूटप्रिंटमध्येच निषिद्ध क्षेत्र काढून करावी. ग्राउंड जोडण्याच्या उत्साहात हा भाग सुटू शकतो.

थरावरथर

उत्साहाचा विषय निघाला म्हणून एक सावधगिरीची सूचना. भागाच्या मोठ्या धातूच्या भागाखालचे तांबे नेहमी ग्राउंडच असते असे गृहीत धरू नये. ७८०५ या व्होल्टेज रेग्युलेटरचा टॅब (धातूची पाठ) ग्राउंड असतो, पण त्याच घराण्यातल्या ७९०५ चा टॅब इनपुटला जोडलेला असतो आणि एलएम३१७ चा टॅब आउटपुटला. डीपॅक आवरणातल्या मॉसफेटचा टॅब सहसा ड्रेन असतो. दुहेरी पुरवठ्यावर चालणाऱ्या कित्येक ऑप-ॲम्पच्या पोटाखालचा पॅड ऋण पुरवठ्याला जोडायचा असतो. या सगळ्यांच्या फूटप्रिंटवर पडद्यावर दिसणारा तांब्याचा आकार अगदी सारखाच दिसतो. त्यामुळे स्कीमॅटिकच्या चिन्हात त्या पॅडची स्वतंत्र पिन असणे आणि तिचे नाव डेटाशीटवरून लिहिलेले असणे, यातच सुरक्षितता आहे. पिन असेल तर चूक कागदावर दिसते. थेट बोर्डवर झोन ओढून पॅड ग्राउंडमध्ये बुडवला तर ती बोर्ड पेटवल्यावरच कळते.

समांतर

स्क्रूच्या छिद्राभोवतीच्या तांब्याच्या कड्यांनाही हेच लागू आहे. कडे असलेल्या छिद्राला स्कीमॅटिकमध्ये एक पिन असलेले चिन्ह द्यावे आणि ते ग्राउंडला जोडायचे की पेटीच्या धातूला, हे तिथेच ठरवावे.

आराखडाकार

सर्वांच्या सूचनेप्रमाणे बदल केले आहेत. चिन्हात २९ वी पिन वाढवून ती जीएनडीला जोडली. फूटप्रिंटमधला बहुभुज काढून टाकला आणि त्या जागी २९ क्रमांकाचा, फक्त तांब्याच्या लेयरवरचा पॅड घडवला. मूळ पॅड पोटाच्या मापाचा ठेवला, त्यावर पेस्टचे ६ चौकोन आणि ०.३ मिमीचे ९ व्हाया दिले. आता आकार, पॅड आणि व्हाया या सगळ्यांवर जीएनडी दिसते आणि अंतराची एकही त्रुटी उरलेली नाही.

एकच गोष्ट राहिली आहे. मूळ पॅड २९ साठी झोनची जोडणी अखंड निवडली असूनही कानांच्या बाहेरच्या कडेला झोन अजूनही फट सोडतो आणि मध्ये मोजक्या बारीक काड्या दिसतात. नेट बरोबर असताना असे का व्हावे?

विद्युतरेषा

कारण झोनच्या जोडणीचा पर्याय प्रत्येक पॅडचा स्वतंत्र असतो, तो क्रमांकाबरोबर वाटला जात नाही. अखंड जोडणी आपण मूळच्या पॅडवर निवडली, पण झोनला आता बाहेरून भेटतो तो कानांचा पॅड, आणि त्याच्यावर अजून झोनचा मूळ नियम, म्हणजे थर्मल रिलीफ, लागू आहे. फूटप्रिंट एडिटरमध्ये त्या पॅडचे गुणधर्म उघडून जोडणी अखंड करा. व्हायांच्या पॅडनाही तेच करा, कारण खालच्या लेयरचा झोन त्यांना भेटतो आणि तिथे काड्या राहिल्या तर थरावरथर यांच्या हिशोबातले २१ अंश प्रत्यक्षात त्याहून बरेच वाढतील. नऊ पॅडवर वेगवेगळे करण्यापेक्षा फूटप्रिंटच्या गुणधर्मांमध्ये अखंड जोडणी ठेवण्याचा मोह होईल, पण मग १४ आणि २८ हे पायही अखंड जोडले जातील आणि ते हाताने सोल्डर करणे अवघड होईल.

लायब्ररीत बदल साठवल्यावर बोर्डवरचा फूटप्रिंट आपोआप बदलत नाही. बोर्डमध्ये 'अपडेट फूटप्रिंट्स फ्रॉम लायब्ररी' ही आज्ञा द्या, मग बी ही कळ दाबून सगळे झोन पुन्हा भरा आणि त्यानंतर डीआरसी चालवा. शेवटी खालचा लेयर पुढे आणून नऊही व्हायांच्या भोवती एकही फट उरलेली नाही ना, ते पाहून घ्या.